सैनिकी हुकमामुळे भाडेकराराची मुदतपूर्व समाप्ती (अमेरिका)

सैन्यात भरती झाल्यामुळे, बदलीच्या हुकमामुळे किंवा मोहिमेवर रवानगी झाल्यामुळे भाड्याचे घर कराराची मुदत भरण्याआधी आणि दंड न भरता सोडण्याचा हक्क. अमेरिकेत तो ‘सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट’ या २००३ च्या केंद्रीय कायद्याने मिळतो. तिथला भाडेकरार बहुतेक वर्षभराचा असतो. भाडेकरू मधेच निघून गेला, तर उरलेल्या महिन्यांचे भाडे किंवा करारात ठरलेला दंड त्याच्या माथी बसतो. इतर नोकरदाराला बदली नको असेल तर निदान राजीनामा तरी देता येतो. सैनिकाला तेवढीही मोकळीक नसते. हुकूम पाळला तर करार मोडतो आणि करार पाळला तर हुकूम मोडतो, या कात्रीतून त्याला सोडवणे हे या कायद्याचे काम.

या सवलतीचे मूळ अमेरिकेच्या यादवी युद्धात सापडते. १८६४ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, युद्धकाळात दाव्यांच्या मुदती थांबवून ठेवल्या. पहिल्या महायुद्धात कायदेपंडित जॉन हेन्री विगमोर यांनी मसुद्यात मोठा वाटा उचललेला ‘सोल्जर्स अँड सेलर्स सिव्हिल रिलीफ ॲक्ट’ ८ मार्च १९१८ रोजी लागू झाला. महिना ५० डॉलरपर्यंत भाड्याच्या घरात राहणाऱ्या सैनिकाच्या कुटुंबाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येणार नाही, असे त्याने ठरवले. म्हणजे आधी संरक्षण मिळाले ते घरात टिकून राहण्याचे. घर सोडण्याचा हक्क बऱ्याच उशिरा आला. १९४० मध्ये कायदा नव्याने झाला आणि १९४२ च्या दुरुस्तीत भाडेकरार संपवण्याचे कलम त्यात घातले गेले. तेही अपुरेच होते. भरतीपूर्वी केलेल्या करारापुरता तो हक्क होता. वर्दीत असताना घर भाड्याने घेतले आणि चार महिन्यांत बदलीचा हुकूम हाती पडला, तर कायदा गप्प बसे. मग सैनिक करारात स्वतःहून बदली झाल्यास घर सोडू देणारा ‘मिलिटरी क्लॉज’ लिहून घेत, आणि घरमालकाने नकार दिला की तोही मार्ग बंद. हजारो बिऱ्हाडे दर दोन-तीन वर्षांनी हलवणाऱ्या सैन्याला ही त्रुटी साठ वर्षे सोसावी लागली. २००३ च्या कायद्याने ती भरून काढली.

आज हा हक्क अमेरिकी कायदेसंहितेत कलम ३९५५ म्हणून आहे. करार केल्यानंतर सैन्यात दाखल झालेल्या व्यक्तीला तो मिळतो. सेवेत असताना करार करून नंतर कायमच्या बदलीचा किंवा किमान ९० दिवसांच्या तैनातीचा हुकूम मिळालेल्यालाही मिळतो. सैनिकाबरोबर करारावर सही केलेली पत्नी, पती किंवा अवलंबून असलेली व्यक्तीही त्याच नोटिशीने मोकळी होते. घरात सोबतीने राहणारा मित्र मात्र नाही. भाड्याने घेतलेल्या मोटारीलाही अशीच तरतूद आहे, पण तिथे तैनाती १८० दिवसांची लागते.

खरी मेख आहे ती तारखांत. सैनिकाने लेखी नोटीस आणि सोबत हुकमाची प्रत द्यायची. ती हातोहात, खासगी कुरिअरने किंवा पोचपावतीच्या टपालाने देता येते. हुकूम अजून छापून आला नसेल तर कमांडिंग ऑफिसरचे पत्र चालते. भाडे मासिक असेल तर नोटीस पोचल्यानंतर जो पुढचा भाड्याचा दिवस येईल, त्याच्यापासून ३० दिवसांनी करार संपतो. समजा, भाडे दर १ तारखेला द्यायचे आहे. नोटीस ३१ जुलैला पोचली तर पुढचा भाड्याचा दिवस १ ऑगस्ट, आणि करार ३१ ऑगस्टला संपला. तीच नोटीस १ ऑगस्टला पोचली तर मोजणी १ सप्टेंबरपासून सुरू होते आणि करार १ ऑक्टोबरपर्यंत लांबतो. एका दिवसाच्या दिरंगाईने पूर्ण महिन्याचे भाडे अंगावर पडते. सामानाची बांधाबांध, मुलांची शाळा, नव्या तळावरची कागदपत्रे अशा धांदलीत नोटीस मागे राहणे सहज शक्य असते. म्हणून हुकूम मिळताक्षणी नोटीस देणे हाच शहाणपणा, आणि कायदाही निघण्याच्या दिवसापर्यंत थांबायला लावत नाही.

पैशांचा हिशेब स्पष्ट आहे. करार संपेपर्यंतचे भाडे दिवसांच्या प्रमाणात द्यायचे. आगाऊ भरलेले भाडे ३० दिवसांत परत मिळते. मुदतीआधी सोडल्याचा कोणताही आकार लावता येत नाही. ‘पहिला महिना मोफत’ अशी सूट देऊन नंतर तीच रक्कम परत मागणे हादेखील दंडच, अशी भूमिका अमेरिकी न्याय विभागाने घेतली आहे, आणि ती योग्यच म्हणायला हवी. नेहमीच्या वापरापलीकडची मोडतोड भरून देण्याची जबाबदारी मात्र भाडेकरूवर राहते. घरमालकावर खरोखर अन्याय होत असेल तर तो करार संपण्याआधी न्यायालयात जाऊ शकतो. उलट, जाणूनबुजून सैनिकाचे सामान किंवा अनामत अडकवून ठेवणाऱ्याला दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हा हक्क सोडून द्यायचा तर त्यासाठी मूळ करारापासून वेगळा कागद लागतो आणि त्यावरची सही सेवाकाळात किंवा त्यानंतर झालेली असावी लागते. करार करताना बारीक अक्षरांत हक्क काढून घेण्याची पळवाट अशी बुजवलेली आहे.

नंतरच्या दुरुस्त्यांमागे दुःखे आहेत. सेवेत मृत्यू आलेल्या सैनिकाच्या जोडीदाराला एक वर्षाच्या आत करार संपवण्याचा हक्क २०१८ मध्ये मिळाला. त्याआधी नवऱ्याच्या जाण्याबरोबर उरलेल्या भाड्याचा प्रश्नही विधवेसमोर उभा राही. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे संरक्षण खात्याने बदल्यांची हालचाल थांबवली, तेव्हा नव्या गावी घर घेऊन बसलेले अनेक सैनिक जुन्याच तळावर अडकले आणि दोन्हीकडचे भाडे त्यांच्या गळ्यात पडले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये काँग्रेसने किमान ३० दिवसांच्या अशा ‘स्टॉप मूव्हमेंट’ हुकमांनाही कायद्याचे छत्र दिले.

काही राज्ये याहून पुढे गेली आहेत. नॉरफोकचा प्रचंड नौदल तळ असलेल्या व्हर्जिनियात सैनिकाला सरकारी निवासात राहायला जाण्याचा हुकूम आला आणि त्याचा घरभत्ता त्यामुळे बंद झाला, तरी तो भाड्याचे घर सोडू शकतो. याच व्हर्जिनियात केंद्रीय कायदा किती सहज डावलला जातो तेही दिसले. २०१९ मध्ये तिथली घरे सांभाळणाऱ्या एका घरव्यवस्थापन कंपनीने १२७ सैनिकांविरुद्ध त्यांच्या गैरहजेरीत बेकायदा निकाल मिळवल्याच्या आरोपावरून १५ लाख डॉलरांहून अधिक रकमेची तडजोड केली.

भारतात याला थेट जोड नाही. ‘इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट, १९२५’ हा कायदा युद्धाच्या किंवा विशेष परिस्थितीत असलेल्या सैनिकाविरुद्धचे दावे पुढे ढकलायला सांगतो, पण करार मोडू देत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधील कलम २३ सैनिकाकडे पाहते ते घरमालक म्हणून: स्वतःला किंवा कुटुंबाला राहायला घर हवे असेल आणि दुसरे योग्य घर नसेल, तर त्याला भाडेकरूकडून ताबा मिळवता येतो. बदलीमुळे पुण्यातले वा देवळालीतले भाड्याचे घर सोडणाऱ्या जवानासाठी त्यात असे कलम नाही. लिव्ह अँड लायसन्स करारात ‘लॉक-इन’, म्हणजे ठरावीक काळ घर न सोडण्याचे बंधन, लिहिले असेल, तर बदलीचा हुकूम आल्यास ते लागू होणार नाही, अशी अट त्याला नोंदणीआधीच घालून घ्यावी लागते.