कोंडवाड्याची जबाबदारी : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात एक टिपण

नंदुरबार जिल्ह्याच्या सीमांवर एकाच संस्थेची तीन नावे भेटतात. मराठीत तिला कोंडवाडा म्हणतात, पश्चिमेकडील गुजरातीत ढोरडब्बा, तर नर्मदेपलीकडील हिंदीत कांजी हाउस. पहिली दोन नावे लोकव्यवहारातली आहेत. तिसऱ्याचे उत्तरपद उघडच इंग्रजी आहे. परंतु तिन्ही नावांना कायद्याचे अधिष्ठान दिले ते १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या अधिनियमाने. मोकाट जनावरांचा भार कोणत्या स्थानिक संस्थेने वाहावा, या आजच्या वादाचे मूळ शोधावयाचे तर प्रथम त्या अधिनियमाकडे वळले पाहिजे.

१८५७ च्या पूर्वीच्या कायद्याची जागा घेणाऱ्या या अधिनियमाने कामाची वाटणी नेमकी केली होती. कोंडवाडे कोठे असावेत हे जिल्हा दंडाधिकाऱ्याने ठरवावे. पिकात शिरलेले जनावर शेतकऱ्याने धरावे व चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे. राखणदाराने त्याची नोंद करून चारापाणी करावे आणि दंड व चाऱ्याचा खर्च भरणाऱ्या मालकाच्या स्वाधीन ते करावे. सात दिवसांत मालक न आल्यास पोलीस ठाण्यास कळवावे, नोटीस लागावी आणि पुढील सात दिवसांनंतर जाहीर लिलाव व्हावा. पोलीस या संज्ञेत गावचा राखणदारही अंतर्भूत होता. खानदेशात तो जागल्या होय. अशा रीतीने शेतापासून लिलावापर्यंत जनावर कोणाच्या ना कोणाच्या ताब्यात राही.

ही व्यवस्था दंडावर चाले. मूळ अधिनियमात हत्तीस दोन रुपये, उंट वा म्हशीस आठ आणे, घोडा, बैल व गाय यांस चार आणे, वासरू, गाढव व डुक्कर यांस दोन आणे, तर शेळीमेंढीस एक आणा असा दर होता. मुंबई इलाख्यात १८६९ नंतरच्या लोकल फंडात पथकर व नावेचे उतारू यांच्याबरोबर कोंडवाड्याचाही निधी असे. म्हणजे कोंडवाडा ही उत्पन्नाची बाब होती. १८९१ च्या दुरुस्तीने या अधिनियमाखालील अधिकार स्थानिक संस्थांकडे सोपविण्याची व शिल्लक रक्कम त्यांच्या निधीत जमा करण्याची तरतूद झाली. अधिकार व उत्पन्न ही दोन्ही एकाच हाती जाण्याची वाट येथे मोकळी झाली.

१९०६ मध्ये खानदेशचे विभाजन होऊन नंदुरबार पश्चिम खानदेशात आले. स्वातंत्र्यानंतर वाटणी अधिक सूक्ष्म झाली. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने गावचा कोंडवाडा पंचायतीच्या कार्यकक्षेत घातला. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यांचे काम त्यांच्याकडे गेले. १९६५ च्या अधिनियमाने शहरातील कोंडवाडा नगरपरिषदांकडे ठेवला. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार स्वतंत्र झाला. सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात नंदुरबार, शहादे, तळोदे व नवापूर या नगरपरिषदांच्या हद्दी संपतात तेथे पंचायतींच्या हद्दी सुरू होतात. जनावरास मात्र हद्द ठाऊक नसते.

याच काळात दुसरा, अधिक खोल बदल घडला. जुनी व्यवस्था मालकापाशी पोचण्यासाठी होती. जनावरास कोंडणे हे केवळ साधन होते. ज्या जनावराच्या मागे मालक येतच नाही, त्याच्यासाठी दंड कोण भरणार? लिलाव हा त्यावरचा उपाय होता. परंतु २०१५ मध्ये राज्यात बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आल्यानंतर, कामातून गेलेल्या जनावरास बोली लागण्याची शक्यता स्वाभाविकच घटली. श्वानांच्या बाबतीत तर दंडाचा प्रश्नच उद्भवत नाही. १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक अधिनियमाखालील २००१ च्या नियमांनी व त्यांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण व लसीकरण यांची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. उत्पन्नाची बाब अशा रीतीने खर्चाची बाब झाली.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. १८७१ च्या रचनेत सर्व जिल्ह्याकडे एकत्र पाहणारा एक अधिकारी होता. अधिकारांचे हस्तांतर झाले ते प्रत्येक संस्थेस तिच्या हद्दीपुरते. काम वाटले गेले. वाटणी जुळवून पाहण्याचे काम मात्र कोणाच्याच वाट्यास स्पष्टपणे आले नाही. जिल्हा परिषदेचे क्षेत्र नगरपरिषदेच्या वेशीशी थांबते, म्हणून ही उणीव तिला भरून काढता येत नाही. नगरपरिषदा व लगतच्या पंचायती यांनी एक कोंडवाडा सामाईक चालवावा, खर्चाचे प्रमाण आधी ठरवावे आणि दवाखान्याचे साहाय्य जिल्हा परिषदेने द्यावे, ही कल्पना म्हणूनच नवी नव्हे. ती जुन्या रचनेतील हरवलेला दुवा पुन्हा जोडणारी आहे. दंडाच्या आशेवर उभी राहिलेली संस्था दंड आटल्यावरही टिकवावयाची असेल, तर तिच्या खर्चाची तरतूद नावानिशी लिहिली गेली पाहिजे. एरव्ही भाषेत कोंडवाडा उरेल आणि गुरे रस्त्यावर राहतील.