एकाहून अधिक छिद्रे असलेला पडदा: प्रस्तावना

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र असेल, तर छाती न उघडता ‘छत्री’ बसवून ते बंद करता येते, हे आता नगर जिल्ह्यातल्या पाथर्डी-अकोल्याच्या पालकांच्याही कानावर येते. पण पडद्याला दोन-तीन छिद्रे असली, किंवा तो चाळणीसारखाच असला, तर काय करायचे? त्या प्रश्नासाठी हे पुस्तक आहे. या विषयात नव्याने येणाऱ्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे आणि तंत्रज्ञांचे मी मनापासून स्वागत करतो.

६ मे १९५३ रोजी शल्यचिकित्सक जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात हृदय-फुप्फुस यंत्राच्या आधाराने असेच छिद्र शिवले. १९७०च्या दशकात किंग आणि मिल्स या डॉक्टरांनी ते नळीवाटे बंद करून दाखवले. १९९०च्या दशकात कुर्ट अम्प्लात्झ यांच्या दुहेरी चकतीच्या छत्रीने हे काम पुष्कळ सोपे केले. निकेल-टायटॅनियमच्या तारेची ही जाळी नळीत दुमडून जांघेतल्या शिरेतून वर नेतात. नळीबाहेर येताच ती मूळ आकार घेते आणि पडद्याला दोन्ही बाजूंनी धरते. काही महिन्यांत तिच्यावर हृदयाचेच अस्तर चढते.

छिद्रे अनेक असतात तेव्हा खरा कस लागतो. मोठे छिद्र फुग्याने क्षणभर बुजवले, की इकोवर दुसऱ्यातला प्रवाह ठळक दिसतो. दोन्ही जवळ असतील, साधारण ७ मिलिमीटरच्या आत, तर मोठ्यात बसवलेली चकती बहुधा शेजारचेही झाकते. अंतर जास्त असेल तर दोन छत्र्या लागतात: आधी लहान, मग तिच्यावर कडा टेकवणारी मोठी. चाळणीसारख्या पडद्यासाठी बारीक कंबरेची, रुंद चकत्यांची छत्री मधल्या छिद्रातून बसवतात. छिद्राभोवतीच्या कडा पुरेशा नसतील, किंवा चकती झडपेला वा महारोहिणीजवळच्या भिंतीला घासणार असेल, तर शस्त्रक्रियाच योग्य. हे ओळखून हात आवरणाऱ्या डॉक्टरला मी अधिक कुशल मानतो.

पण या साऱ्याआधी मूल सापडायला हवे. नगर, आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. इथेच जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पाने गावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. हा आजार ओळखायलाही तशीच गावातली नजर हवी, कारण मूल सहसा निळे पडत नाही आणि काही दुखतही नाही. वारंवार सर्दी-खोकला, न वाढणारे वजन, खेळताना लागणारा दम, एवढीच काय ती खूण, आणि कधी तीही नसते. मग निदान तिशीत होते. तोवर फुप्फुसातला दाब फार वाढला असेल, तर छिद्र बंद करणेच धोक्याचे ठरते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. पण पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची ऊसतोड कुटुंबे हंगामात मुलांसह फडावर गेलेली असतात. पथकाच्या यादीतली गैरहजर मुले उन्हाळ्यात पुन्हा तपासावीत, असा आग्रह मी पहिल्याच प्रकरणात धरला आहे. इको आणि कॅथलॅबची प्रकरणे त्यानंतर येतात.