अमेरिकेतील घटकराज्यांच्या करसवलती आणि विमान जैवइंधनाची निर्मिती (१९७१ ते २०२५) : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

विमानवाहतुकीतून होणारे कार्बन उत्सर्जन कमी करण्याचा एक मार्ग म्हणून वापरलेले खाद्यतेल, प्राण्यांची चरबी, तेलबिया किंवा इथेनॉल यांपासून तयार केलेल्या इंधनाकडे पाहिले जाते. 'एएसटीएम' या मानक ठरविणाऱ्या संस्थेने २००९ मध्ये पर्यायी विमान इंधनासाठी स्वतंत्र मानक जाहीर केले. २०११ मध्ये तेल व चरबीपासून केलेले इंधन ५० टक्क्यांपर्यंत मिसळण्यास मान्यता मिळाली आणि २०१६ पासून अल्कोहोलपासून केलेल्या इंधनालाही मानकात स्थान मिळाले. तांत्रिक अडसर असा दूर झाला. किमतीचा मात्र कायम राहिला. खनिज इंधनापेक्षा दुपटीहून अधिक महाग पडणारे इंधन विमान कंपनीने का घ्यावे, या प्रश्नाला अमेरिकेतील काही घटकराज्यांनी करसवलतीच्या रूपाने उत्तर दिले. या सवलतींचा उगम, स्वरूप आणि मर्यादा यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

गॅसोहोलची परंपरा

या धोरणाची मुळे मक्याच्या शेतीत आहेत. नेब्रास्का राज्याने १९७१ मध्येच शेतमालाच्या औद्योगिक वापरासाठी समिती स्थापन केली आणि इथेनॉलमिश्रित पेट्रोलला, म्हणजे गॅसोहोलला, गॅलनमागे ३ सेंटची करसवलत देऊ केली. (अमेरिकन गॅलन म्हणजे सुमारे ३.७९ लिटर.) राष्ट्रीय पातळीवर १९७८ च्या ऊर्जा कर कायद्याने १० टक्के अल्कोहोल असलेल्या इंधनाला गॅलनमागे ४ सेंटचा उत्पादन शुल्क माफ केला. मिश्रणात इथेनॉल एक दशांश असल्याने ही माफी प्रत्यक्षात इथेनॉलच्या प्रत्येक गॅलनमागे ४० सेंट ठरली.

मिनेसोटाने १९८० च्या दशकात याहून निराळी वाट धरली. राज्यातील उत्पादकाला थेट गॅलनमागे २० सेंट अनुदान देण्यात आले आणि प्रत्येक उत्पादकासाठी वार्षिक मर्यादाही घालण्यात आली. मर्यादेमुळे मध्यम आकाराच्या कारखान्यांना वाव मिळाला व शेतकऱ्यांच्या सहकारी मालकीचे अनेक कारखाने उभे राहिले. तथापि २००३ मध्ये अर्थसंकल्पीय तुटीमुळे हा दर १३ सेंटपर्यंत खाली आणण्यात आला. सवलत कोणाला द्यावयाची आणि ती किती काळ टिकेल, हे विमान इंधनाच्या बाबतीत पुढे कळीचे ठरलेले दोन्ही प्रश्न येथेच उपस्थित झाले होते.

२०२३ चे तीन कायदे

२०२२ च्या महागाई नियंत्रण कायद्याने संघीय सरकारने विमान जैवइंधनासाठी गॅलनमागे १.२५ ते १.७५ डॉलरचे टॅक्स क्रेडिट, म्हणजे देय करातून थेट वजा होणारी रक्कम, जाहीर केली. त्यापाठोपाठ २०२३ मध्ये तीन राज्यांनी आपापले कायदे केले. तिघांचा हेतू एकच असला तरी रचना भिन्न होती.

इलिनॉयने गॅलनमागे १.५० डॉलरचे क्रेडिट खरेदीदार विमान कंपनीला दिले. इंधन कोठे तयार झाले, यापेक्षा ते राज्यात वापरले गेले काय, याला महत्त्व होते. कच्चा माल देशांतर्गतच असावा, ही अट २०२८ पासून लागू होणार होती. मिनेसोटाने तेवढीच रक्कम राज्यातील उत्पादक किंवा मिश्रण करणाऱ्याला देऊ केली. परंतु एकूण तरतूद २०२५ या वित्तीय वर्षासाठी ७४ लाख डॉलर आणि पुढील दोन वर्षांसाठी प्रत्येकी २१ लाख डॉलर इतकीच ठेवली. दर १.५० डॉलर धरल्यास ही रक्कम अनुक्रमे सुमारे ४९ लाख आणि १४ लाख गॅलनांनाच पुरते. वॉशिंग्टनने गॅलनमागे १ डॉलरपासून सुरुवात करून उत्सर्जनातील घट ५० टक्क्यांच्या वर जाईल तशी प्रत्येक टक्क्याला २ सेंटची वाढ, कमाल २ डॉलरपर्यंत, मान्य केली. मात्र राज्यात वर्षाला किमान २ कोटी गॅलनांची उत्पादनक्षमता कार्यान्वित होईपर्यंत क्रेडिट सुरूच होणार नव्हते. म्हणजे कारखाना आधी आणि सवलत नंतर, असा हा क्रम होता.

सवलत आणि कारखाना

या रचनांचे परिणाम लवकरच दिसू लागले. २०२४ मध्ये शिकागोच्या ओ'हेअर विमानतळावर युनायटेड एअरलाइन्सने हे इंधन घेण्यास प्रारंभ केला. पुरवठादार नेस्टे ही फिनलंडमधील कंपनी होती. इलिनॉयच्या सवलतीने बाजारपेठ निर्माण केली, पण तिच्यापाठोपाठ कारखाना येईलच असे नव्हते.

याउलट असे प्रति गॅलन क्रेडिट न देणाऱ्या टेक्सासमध्ये, पोर्ट आर्थर येथे, डायमंड ग्रीन डिझेल या कंपनीच्या प्रकल्पात सुमारे ४७ कोटी गॅलन वार्षिक क्षमतेपैकी जवळपास निम्मी क्षमता विमान इंधनाकडे वळविता येईल अशी व्यवस्था पूर्ण झाली. तेथे जैवडिझेलचा प्रकल्प व बंदर आधीपासून होते आणि चरबी व वापरलेले तेल गोळा करणारी भागीदार कंपनीही होती. संघीय सवलत सर्वच राज्यांना समान असल्याने जागा ठरविण्यात राज्याच्या करापेक्षा या गोष्टींचे वजन अधिक पडले, असे दिसते.

निकषाचा प्रश्न

राज्यांच्या कायद्यांत उत्सर्जन किमान ५० टक्क्यांनी घटावे ही अट होती. नेहमीच्या पद्धतीने पिकविलेल्या मक्याच्या इथेनॉलला ती गाठणे कठीण जाते. २०२४ मध्ये संघीय वित्त विभागाने विनानांगरट शेती, आच्छादन पिके व खताचा कार्यक्षम वापर ही तिन्ही एकत्र करणाऱ्या मक्याला हिशेबात काही सूट दिली. त्यामुळे करकायद्यातील एक टक्केवारी शेतकऱ्याच्या मशागतीपर्यंत पोहोचली. निकष सैल केल्यास हवामानविषयक हेतू कमकुवत होतो. कडक ठेवल्यास ज्यांच्या नावाने सवलत मंजूर झाली तेच शेतकरी बाहेर राहतात. १९७१ मध्ये नसलेला हा पेच विमान इंधनाने नव्याने निर्माण केला.

धोरणाच्या स्थैर्याचा प्रश्नही सुटला नाही. जुलै २०२५ च्या संघीय कायद्याने उत्पादकांसाठीच्या क्रेडिटची मुदत २०२९ अखेरपर्यंत वाढविली, पण विमान इंधनाचा कमाल दर २०२६ पासून १.७५ वरून १ डॉलरवर आणला. दशकभर परतफेड चालणाऱ्या प्रकल्पाचा हिशेब असा दोन-तीन वर्षांत बदलतो.

समारोप

या इतिहासाचे महाराष्ट्राशी नाते आहे. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला गेलेल्या प्रवासी विमानात पुण्यातील प्राज इंडस्ट्रीजने तयार केलेले जैवइंधन मिसळण्यात आले होते. विमान इंधन वस्तू व सेवा कराबाहेर असल्याने त्यावर कर लावण्याचा अधिकार राज्यांकडे आहे. २०२३ च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने मुंबई, पुणे व रायगड येथील हा दर २५ वरून १८ टक्क्यांवर आणला. ती सवलत सर्वच विमान इंधनाला होती. जैवइंधनाला वेगळी सवलत देण्याचा विचार झाल्यास अमेरिकी राज्यांचा अनुभव उपयोगी पडेल. खरेदीदाराला दिलेली सवलत इंधन आणते, उत्पादकाला दिलेली सवलत पुरेशी व दीर्घकालीन असेल तरच कारखाना आणते, आणि ऊस किंवा मका पिकविणाऱ्याच्या हाती त्यातील काय पडेल हे उत्सर्जनाचा निकष ठरवितो. दर ठरविण्यापूर्वी या तीन गोष्टींचा निर्णय होणे आवश्यक आहे.