निळा म्हणजे सुरक्षित?

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला मी एका ब्रॅकेटचं सिम्युलेशन केलं होतं. स्क्रीनवर निळा, हिरवा, पिवळा, लाल असे रंग उमटले. बराचसा भाग निळा, म्हणजे ताण कमी. मी खूश. व्हायवाला सरांनी एवढंच विचारलं, "ताण साधारण किती येईल असं वाटलं होतं?"

"सर, सॉफ्टवेअरने काढलाय ना."

"त्याने काढलेला दिसतोय. तुला काय वाटलं होतं?"

मला काहीच वाटलं नव्हतं. पुढे स्लाइपनरबद्दल वाचताना तो प्रश्न पुन्हा आठवला.

स्लाइपनर ए हा उत्तर समुद्रातला नॉर्वेचा वायू प्लॅटफॉर्म. त्याचा काँक्रीटचा अवाढव्य पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगर शहराजवळच्या खोल खाडीत हळूहळू पाण्यात उतरवला जात होता. ६५ मीटरवर आतली एक भिंत फुटली, पाणी घुसलं आणि सगळा पाया तळाशी जाऊन चुरा झाला. तो हादरा ३ रिश्टरचा नोंदला गेला. जीवितहानी झाली नाही, पण सुमारे ७० कोटी डॉलर बुडाले.

हिशोब फायनाइट एलिमेंट पद्धतीने केलेला होता. वस्तूचे लहान लहान तुकडे कल्पायचे आणि प्रत्येकाचं गणित संगणकाने सोडवायचं, अशी ही पद्धत. तिला हे नाव १९६० मध्ये बर्कलीच्या रे क्लफ यांनी दिलं. इथे नेमक्या नाजूक जागी तुकडे ओबडधोबड पाडले गेले. त्यामुळे शिअर स्ट्रेस ४७ टक्के कमी दिसला आणि भिंती पातळ ठेवल्या गेल्या. सळ्यांची मांडणीही अपुरी होती. अपघातानंतर बारकाईने पुन्हा गणित केलं, तेव्हा उत्तर आलं : ६२ मीटरवर फुटेल.

म्हणजे संगणकाला नीट विचारलं असतं, तर त्याने सांगितलं असतं. आलेल्या आकड्यावर शंका मात्र माणसानेच घ्यायची होती. नवा पाया घाईने हवा होता. तेव्हा इंजिनिअरांनी संगणकावर विसंबून न राहता स्लाइडरूलच्या काळातल्या पद्धतींनी, हाताने हिशोब करून डिझाइन पुढे नेलं.

सिम्युलेशनने मला खूप शिकवलं, हेही खरं. भार वस्तूतून कसा वाहतो, हे पुस्तकातल्या आकृतीतून मला कधीच कळलं नव्हतं. पण रंग पाहिले की प्रश्न पडायचे थांबतात. म्हणून आता 'सॉल्व्ह' दाबण्याआधी मी वहीत पेन्सिलने एक अंदाज लिहितो. बहुतेकदा तो चुकतो. मग चूक माझी की मेशची, हे शोधत बसावं लागतं.