यकृत कडक का होते? पेशी, त्यांच्याभोवतीची जाळी आणि संगणकावरील मॉडेल

फायब्रोस्कॅनचा अहवाल हातात पडला की घरात पहिली चर्चा होते ती त्यावरच्या आकड्याची. 'काठिण्य ११ किलोपास्कल' म्हणजे नेमके काय? यकृत कडक झाले म्हणजे ते पुन्हा मऊ होणारच नाही का? अलीकडे काही नातेवाईक आणखी एक प्रश्न विचारतात: संगणकावर यकृताचे मॉडेल तयार करून पुढे काय होईल ते सांगता येते असे वाचले, ते आमच्या रुग्णासाठी करता येईल का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच गोष्टीत आहेत: यकृतातील पेशी आणि त्यांच्याभोवतीची जाळी यांचे नाते. हे नाते समजले की आकड्याची भीती कमी होते आणि उपचार का सोडू नयेत हेही लक्षात येते.

पेशींभोवतीची जाळी म्हणजे काय?

आपले शरीर नुसत्या पेशींचे बनलेले नाही. पेशींच्या मधल्या जागेत प्रथिने आणि शर्करायुक्त पदार्थ यांची एक जाळी असते. या लेखात आपण तिला 'आधारजाळी' म्हणू. तिच्यातील कोलाजेनचे तंतू दोरखंडासारखा ताण सहन करतात. इलॅस्टिन ताणून सोडले की पूर्ववत होते. फायब्रोनेक्टिन आणि लॅमिनिन पेशींना जागेवर धरून ठेवायला मदत करतात. शरीरातील एकूण प्रथिनांपैकी साधारण २५ ते ३० टक्के प्रथिन एकटे कोलाजेन असते. ही जाळी मेंदूत अतिशय मऊ, त्वचेत चिवट आणि हाडात कठीण असते.

पूर्वी या जाळीकडे फक्त सांगाडा म्हणून पाहिले जाई. पण पेशी इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी ही जाळी धरतात, ओढतात आणि ती किती कडक आहे हे जणू चाचपून पाहतात. १९८० मध्ये अल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी अतिशय पातळ सिलिकॉन रबरावर पेशी वाढवल्या, तेव्हा पेशींच्या ओढीने रबराला सुरकुत्या पडलेल्या दिसल्या. २००६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲडम एंग्लर, डेनिस डिशर आणि सहकाऱ्यांनी एकाच प्रकारच्या मूळपेशी कमी-अधिक कडक जेलवर वाढवल्या. मेंदूइतक्या मऊ जेलवरील पेशी चेतापेशींसारख्या, स्नायूइतक्या जेलवरील स्नायूपेशींसारख्या आणि अधिक कडक जेलवरील हाडाच्या पेशींसारख्या दिसू लागल्या. म्हणजे पेशी जाळी घडवते आणि जाळीही पेशीचे वागणे ठरवते.

यकृतात काय बिघडते?

यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. त्यांना तारकापेशी म्हणू. निरोगी यकृतात त्या शांत असतात आणि 'अ' जीवनसत्त्व साठवतात. हेपॅटायटिस बी किंवा सी, दारू, यकृतातील चरबी अशा कारणांनी यकृताला इजा झाली की त्या जाग्या होतात, कोलाजेन तयार करतात आणि आजूबाजूची जाळी ओढू लागतात. ही मुळात जखम भरण्याचीच क्रिया आहे. इजा थांबली तर जादा कोलाजेन हळूहळू विरघळते आणि तारकापेशी शांत होतात.

इजा वर्षानुवर्षे चालू राहिली तर मात्र एक दुष्टचक्र सुरू होते:

१. तारकापेशी कोलाजेन तयार करतात आणि जाळी कडक होते.
२. जाळी कडक झाल्याचे जाणवून आणखी तारकापेशी जाग्या होतात.
३. त्यांच्या ओढीमुळे जाळीत अडकून असलेला टीजीएफ-बीटा हा घटक मोकळा होतो. तो कोलाजेन आणखी वाढवतो.
४. लायसिल ऑक्सिडेज नावाची विकरे कोलाजेनच्या तंतूंना एकमेकांशी घट्ट बांधतात. मग जाळी विरघळणे अवघड होते.

यालाच फायब्रोसिस म्हणतात. ते फार वाढून यकृताची रचनाच बदलली आणि गाठी-गाठी झाल्या की त्याला सिरोसिस म्हणतात. उंदरांवरील २००७ च्या एका अभ्यासात असे दिसले की कोलाजेन मोठ्या प्रमाणात साठण्याआधीच यकृताचे काठिण्य वाढलेले होते. म्हणजे कडकपणा हा आजाराचा परिणाम आहे, तसाच तो आजार पुढे ढकलणारा एक घटकही आहे.

मग संगणक कशासाठी?

या चक्रात अनेक गोष्टी एकाच वेळी घडतात आणि एकमेकींवर परिणाम करतात. त्यातली कोणती गोष्ट थांबवली तर चक्र तुटेल, हे नुसत्या अंदाजाने सांगता येत नाही. रुग्णाच्या यकृतावर प्रयोग करता येत नाहीत. बायोप्सीत यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग मिळतो आणि तोही एका क्षणाचा. फायब्रोसिस वाढायला अनेक वर्षे लागतात. संगणकावरील मॉडेलमध्ये मात्र ही वर्षे काही तासांत चालवता येतात आणि एकेक गोष्ट बदलून परिणाम पाहता येतो.

अशी मॉडेल मुख्यतः तीन प्रकारची असतात:

- सलग पदार्थाचे मॉडेल: ऊतीला रबरासारखा एकसंध पदार्थ मानून कुठे किती ताण येतो याचे गणित मांडले जाते.
- तंतुजाळीचे मॉडेल: प्रत्येक तंतू वेगळा धरला जातो. सुतळीने विणलेल्या बाजेची एक दोरी ओढली की लांबच्या दोऱ्याही ताणल्या जातात. कोलाजेनच्या जाळीतही पेशीची ओढ तंतूंवरून दूरच्या पेशीपर्यंत पोहोचते, हे अशा मॉडेलमधून नीट समजते.
- एकेका पेशीचे मॉडेल: प्रत्येक पेशीला नियम दिले जातात: जाळी इतकी कडक असेल तर जागी हो, अमुक घटक मिळाला तर कोलाजेन तयार कर. मग हजारो पेशी एकत्र सोडून काय घडते ते पाहिले जाते. १९९२ मध्ये फ्रांस्वा ग्रानर आणि जेम्स ग्लेझियर यांनी मांडलेली पद्धत या कामात आजही वापरली जाते.

मॉडेलला लागणारे आकडे प्रयोगशाळेतून येतात: जाळी किती कडक, पेशी किती जोराने ओढते, कोलाजेन किती वेगाने तयार होते आणि विरघळते. मॉडेलने दिलेले उत्तर नव्या प्रयोगाशी ताडून पाहतात. ते जुळले नाही तर मॉडेल दुरुस्त करतात. ही पायरी वगळली तर पडद्यावरचे चित्र कितीही सुंदर असले तरी त्यावर विश्वास ठेवता येत नाही.

एका औषधाचा धडा

तंतू एकमेकांशी बांधणारे विकर अडवले तर फायब्रोसिस थांबेल, हा विचार तर्कशुद्ध वाटतो. याच विचाराने सिमटुझुमॅब नावाचे औषध तयार झाले. पण यकृताच्या चरबीमुळे झालेल्या फायब्रोसिसच्या रुग्णांमध्ये त्याचा उपयोग दिसला नाही. हे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. चक्रातला एक दुवा अडवला तरी बाकीचे दुवे चक्र चालू ठेवू शकतात. कोणता दुवा, कोणत्या टप्प्यावर आणि कशाच्या जोडीने अडवावा, हे आधी संगणकावर तपासून मगच रुग्णांवर चाचणी घ्यावी, हा या मॉडेलमागचा खरा हेतू आहे. मॉडेल रुग्णांवरील चाचणीची जागा घेत नाही. कोणती चाचणी घेण्यासारखी आहे, हे ठरवायला ते मदत करते.

माझ्यासाठी असे मॉडेल करता येईल का?

आज तरी नाही. यकृतातील पेशी आणि आधारजाळी यांची मॉडेल संशोधनाच्या पातळीवर आहेत. त्यातील बरेच आकडे उंदरांवरून किंवा प्रयोगशाळेतील पेशींवरून घेतलेले असतात. ते तुमच्या यकृताचे आकडे नाहीत.

वैद्यकात संगणकाची मॉडेल वापरात आलीच नाहीत असे मात्र नाही. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन देणाऱ्या यंत्रणेच्या प्राण्यांवरील चाचण्यांऐवजी एक संगणकीय मॉडेल अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये स्वीकारले. हृदयाच्या सीटी स्कॅनवरून रक्तप्रवाहाचे गणित करणाऱ्या पद्धतीला तिथे २०१४ मध्ये मान्यता मिळाली. यकृताच्या फायब्रोसिसच्या बाबतीत तो टप्पा अजून यायचा आहे. म्हणून 'तुमच्या यकृताचे संगणकीय भविष्य' सांगतो म्हणून कोणी पैसे मागत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारा.

फायब्रोस्कॅनचा आकडा कसा वाचावा?

फायब्रोस्कॅनमध्ये बरगड्यांच्या मधून यकृतात एक हलकी कंपनलहर सोडली जाते. कडक पदार्थातून ती लवकर जाते. तिच्या वेगावरून काठिण्य किलोपास्कलमध्ये काढतात. साधारणपणे १० मोजमापे घेऊन मधला आकडा दिला जातो.

- निरोगी यकृताचे काठिण्य साधारण ५ किलोपास्कलच्या आसपास असते.
- फॅटी लिव्हरमध्ये आकडा ८ पेक्षा कमी असेल तर पुढच्या टप्प्याच्या फायब्रोसिसची शक्यता कमी असते.
- १० ते १५ या दरम्यान असेल तर दीर्घकालीन, पुढच्या टप्प्याच्या आजाराची शंका घेऊन आणखी तपासण्या करतात.
- १५ पेक्षा जास्त असेल तर अशा आजाराची शक्यता बरीच असते.

आजाराच्या कारणानुसार या मर्यादा थोड्या बदलतात. शिवाय काठिण्य फक्त फायब्रोसिसनेच वाढते असे नाही. नुकतेच जेवण झालेले असणे, तीव्र कावीळ, पित्तमार्गातील अडथळा, हृदय कमजोर झाल्याने यकृतात साठलेले रक्त, नुकतीच घेतलेली दारू यांमुळेही आकडा वाढतो. त्यामुळे तपासणीपूर्वी किमान ३ तास काही खाऊ नये आणि एकाच आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

कडक झालेले यकृत सुधारते का?

अनेकदा सुधारते. पण त्यासाठी इजेचे मूळ कारण दूर व्हावे लागते. हेपॅटायटिस बी च्या रुग्णांमध्ये टेनोफोव्हिर ५ वर्षे दिल्यानंतर पुन्हा बायोप्सी केलेल्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सिरोसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या बायोप्सीत पाच वर्षांनी सिरोसिस राहिला नव्हता. फॅटी लिव्हरमध्ये १० टक्के वजन कमी करणाऱ्यांत फायब्रोसिस कमी होण्याची शक्यता वाढते. ८० किलोच्या व्यक्तीसाठी हे ८ किलो होतात.

दुष्टचक्राचा विचार केला तर यामागचे कारण समजते. इजा थांबली की तारकापेशींना जागे ठेवणारा संदेश कमी होतो आणि जाळी विरघळवणाऱ्या विकरांना वाव मिळतो. मात्र तंतू फार घट्ट बांधले गेले असतील आणि सिरोसिस पुढच्या टप्प्यात असेल तर सुधारणा मर्यादित राहते. म्हणून लवकर निदान आणि नेटाने उपचार हे दोन्ही महत्त्वाचे. हेपॅटायटिस बी चे औषध स्वतःहून बंद करू नका. आजार अचानक उसळू शकतो. सिरोसिस झालेला असेल तर आकडा सुधारल्यावरही यकृताच्या कर्करोगासाठी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी चालू ठेवावी लागते.

डॉक्टरांना हे प्रश्न विचारा

- माझ्या यकृताला इजा कशामुळे होत आहे? ते कारण पूर्ण थांबवता येईल का?
- हा आकडा फायब्रोसिसचा आहे की सूज वा अन्य कारणाचा?
- मोजमाप विश्वासार्ह होते का? पुन्हा केव्हा करायचे?
- मी घेत असलेल्या इतर औषधांनी, काढ्यांनी किंवा जडीबुटीने यकृताला त्रास होऊ शकतो का?

वाट पाहू नका

रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शौच, पोट फुगत जाणे, डोळे पिवळे होणे, रुग्ण गोंधळल्यासारखा वागणे किंवा सारखी झोप येणे यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

लक्षात ठेवा

काठिण्याचा आकडा हा त्या दिवशीच्या जाळीचा माप आहे, भविष्याचा निकाल नव्हे. पेशी आणि जाळी यांचे चक्र कुठे तोडावे याचा शोध संशोधक संगणकावर घेत आहेत. पण त्या चक्राला सुरुवात करून देणारी इजा थांबवणे हा उपाय आजच उपलब्ध आहे: विषाणूवरील औषध नियमित घेणे, दारू पूर्ण बंद करणे, वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे.