राजगडावर लहान मुलं राहायची

गेल्या मे महिन्यात आम्ही मुलांना एका मोठ्या थीम पार्कला नेलं. थोरली सहा वर्षांची, धाकटा साडेतीन. तिकिटं महिनाभर आधी काढलेली. पहाटे पाचला घर सोडलं, कारण दार उघडताना तिथं असलो तरच पैसे वसूल होतील असा आमचा हिशोब.

पहिल्याच मोठ्या राईडपाशी उंची मोजायची पट्टी होती. थोरली श्वास रोखून, टाचा उचलून उभी राहिली, तरी दोन बोटं कमी पडली. पट्टीशी माझं भांडण नाही, ती सुरक्षेसाठीच असते. पण रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर हे कळलं, म्हणून ती रडली. धाकटा अस्वलाचा पोशाख घातलेल्या माणसाला बघून इतका घाबरला की उरलेला दिवस माझ्या कडेवरून उतरलाच नाही. परत येताना दोघं गाडीत झोपली. दुसऱ्या दिवशी विचारलं, काय आवडलं? धाकटा म्हणाला, "बस." पार्किंगपासून गेटपर्यंत सोडणारी बस.

हे सगळं मी हसत सांगतेय, पण त्या रात्री मला झोप आली नव्हती. मुलांना सहलीला नेणं म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न डोक्यात बसला. त्याचं एक कारण म्हणजे मी वेल्ह्याची आहे. राजगडाच्या पायथ्याच्या गावात वाढले. आमच्या लहानपणी सहलीला दुसऱ्यांची मुलं यायची, आमच्याकडे.

* * *

लहान मुलांना घेऊन कुटुंबानं एका जागी जायचं आणि दिवसभर नुसती मजा करायची, ही कल्पना तशी फार जुनी नाही. आपल्याकडे जत्रा होत्या. तिथं लाकडी पाळणे, पिपाण्या, रेवड्या असायच्या. पण जत्रा देवाची असायची. नवस फेडायला जायचं, मुलांची मजा जाता जाता.

मुलांसाठीच म्हणून जागा बांधायची, ही गोष्ट पुढची. वॉल्ट डिस्ने सांगायचा की तो आपल्या दोन मुलींना लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये मेरी-गो-राउंडवर बसवायला न्यायचा आणि स्वतः बाकावर बसून शेंगा खायचा. मुली घोड्यावर, बाप बाकावर. तेव्हा त्याला वाटलं, आईबाप आणि मुलं एकत्र मजा करतील अशी जागा का नसावी? १७ जुलै १९५५ ला कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं. त्यानं पार्कभोवती मातीचा उंच बांध घातला, म्हणजे आत आलेल्याला बाहेरचं जग दिसू नये. मुख्य रस्त्यावरच्या इमारतींचे वरचे मजले मुद्दाम लहान मापाचे बांधले, म्हणजे खालून त्या आहेत त्यापेक्षा उंच वाटाव्यात. थीम पार्कचं गुपित या दोन गोष्टींत आहे: बाहेरचं दिसू द्यायचं नाही, आणि मापाशी खेळायचं.

त्याच्या पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, पुण्याच्या पेशवे उद्यानात 'फुलराणी' धावू लागली. छोटीशी झुकझुक गाडी, उद्यानाला एक फेरी. पुण्याच्या तीन पिढ्या तिच्यात बसल्या आहेत. मग १९८९ मध्ये मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं. मार्व्याहून लाँचनं जायचं. आमच्या गावात तेव्हा टीव्ही दोनच घरांत, पण त्याच्या जाहिरातीचं गाणं अख्ख्या शाळेला पाठ. २०१३ मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका उघडलं आणि पुण्याच्या मुलांच्या वाढदिवसाच्या याद्या बदलल्या.

आमच्या शाळेची सहल मात्र फुलराणीला गेली. एसटीची लाल गाडी, तीत पन्नास पोरं. कात्रजचा बोगदा आला की सगळ्यांनी ओरडायचं. परतताना नसरापूर फाट्याला आमची गाडी वळली, तेव्हा समोरून पुण्याच्या एका शाळेची गाडी राजगड बघून येत होती. त्यांनी आम्हाला हात केले, आम्ही त्यांना. ते आमच्या गावाहून येत होते, आम्ही त्यांच्या. दोन्ही गाड्यांत पोरं सारखीच दमलेली.

* * *

खरं तर आम्हा मराठी पोरांकडे आपलं स्वतःचं थीम पार्क होतंच. दिवाळीतला किल्ला. दगडविटा रचायच्या, त्यावर गोणपाट, वर चिखलाचा लेप, उतारावर हळीव नाहीतर मोहरी पेरायची. चार दिवसांत डोंगर हिरवा. मग सिंहासनावरचे महाराज आणि मावळे. यातही मापाशी खेळ आहेच, पण डिस्नेच्या उलटा. आमचे महाराज नेहमी किल्ल्याच्या दरवाज्यापेक्षा उंच. आत शिरायचे कसे, हा प्रश्न कुणालाही पडत नसे.

शहरातली मुलं किल्ला चित्रावरून करत. आम्ही अंगणात बसून मान वर करायचो. पद्मावती माची, सुवेळा माची, मधोमध बालेकिल्ला. चुकलं तर आजोबा म्हणायचे, "वर बघ की, म्होरं हाय न्हवं."

याच किल्ल्याला मोठं करायचा प्रयत्न बाबासाहेब पुरंदऱ्यांनी केला. राज्याभिषेकाला तीनशे वर्षं झाली तेव्हा, १९७४ साली, त्यांनी मुंबईच्या शिवाजी पार्कवर शिवसृष्टी उभी केली. पुढे 'जाणता राजा' आलं, हत्ती-घोड्यांसह. आणि पुण्याजवळ आंबेगावला कायमच्या शिवसृष्टीचा पहिला टप्पा १९ फेब्रुवारी २०२३ ला उघडला. पुरंदऱ्यांनी सांगितलेल्या इतिहासावर महाराष्ट्रात मोठे वाद झाले आणि ते व्हायलाही हवेत. पण शिवाजी महाराजांवर थीम पार्क बांधावं असं वाटणं मला समजतं. ते चिखलाच्या किल्ल्यातूनच आलेलं आहे.

पार्कच्या त्या फसलेल्या दिवसानंतर महिन्याभरात आम्ही मुलांना शिवसृष्टी दाखवली. घरापासून जवळ, उंचीची अट नाही. थोरली खूश होती. परतताना गाडीत मी तिला आग्र्याची गोष्ट सांगितली. ५ मार्च १६६६ ला महाराज राजगडाहून निघाले, शंभूराजांना बरोबर घेऊन. १२ मे ला औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले, तेव्हा शंभूराजांना नऊ वर्षं पूर्ण व्हायला दोन दिवस होते. १७ ऑगस्टला दोघं निसटले. महाराजांनी मुलाला मथुरेत विश्वासातल्या कुटुंबाकडे ठेवलं आणि स्वतः पुढे आले. पोर वाटेत वारलं अशी हूल उठवली, असं सांगतात. काही काळानं शंभूराजे सुखरूप राजगडावर पोचले.

मी ही गोष्ट शूरपणाची म्हणून सांगत होते. ती मात्र मागच्या सीटवरून म्हणाली, "मथुरेत ठेवलं तेव्हा तो रडला का? त्याला आईची आठवण आली का?"

मी म्हणाले, "त्याची आई तेव्हा नव्हती. तो दोन वर्षांचा असतानाच गेली."

"कुठे?"

"राजगडावर."

बराच वेळ ती काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे आपल्या गावाला?"

* * *

माझं सगळं लहानपण त्या गडाखाली गेलं. सनावळ्या पाठ, माच्यांची नावं पाठ. पण गड हे एक घर होतं, तिथं लहान मुलं राहायची, हे मी कधी डोळ्यांपुढे आणलंच नव्हतं. राजगड सुमारे पंचवीस वर्षं राजधानी होता. तिथं जिजाबाई होत्या, म्हणजे आजी होती. सईबाई ५ सप्टेंबर १६५९ ला तिथंच वारल्या. अफझलखानाची स्वारी तेव्हा चालू होती. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० ला याच गडावर. ते पालथे जन्मले म्हणून सगळे घाबरले आणि महाराजांनी त्यात शुभशकुन पाहिला, ही गोष्ट आमच्याकडे प्रत्येक बाळंतिणीला ऐकवली जाते. म्हणजे त्या माचीवर कधी पाळणा हलत होता, कुणाला तरी दात येत होते, कुणीतरी तटाकडे धावत होतं आणि मागून कुणीतरी ओरडत होतं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी आम्ही निघालो. नसरापूर फाट्याला वळायचं, ते न वळता आधी सरळ कापूरहोळला गेलो. भोर तालुक्यातलं हे गाव पुणेकरांना माहीत आहे ते वळण म्हणून. इकडे भोर, तिकडे केतकावळ्याचं बालाजीचं मंदिर, तेही तिरुपतीची प्रतिकृती. पण धाराऊ याच गावची. सईबाईंना दूध पुरेना, तेव्हा शंभूराजांना तिनं पाजलं. गाडे घराण्यातली बाई, स्वतःची लेकरं असलेली. गाडी बाजूला घेऊन मी मुलांना एवढंच सांगितलं, की राजाच्या बाळाला दूध पाजणारी आई इथून गेली होती. धाकट्यानं विचारलं, "मग तिच्या बाळाला कोणी दिलं?" मला उत्तर आलं नाही. तिची मुलं पुढे शंभूराजांच्या चाकरीत होती, हे पुस्तकांत आहे. त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही.

मार्गासनीवरून पालीला गेलो. गुंजवण्याकडून चोरदरवाज्याची वाट आहे, पण ती लहान मुलांना घेऊन चढायची नाही. पालीच्या वाटेला पायऱ्या आहेत. तरीही साडेतीन वर्षांच्या मुलाला अर्धा गड नवऱ्यानं पाठुंगळी आणि अर्धा मी कडेवर असा चढवला. राजगडाला रोपवे करायची चर्चा अधूनमधून होते. माझ्यातली गावची मुलगी त्याला नाही म्हणते. त्या दिवशी पाली दरवाज्याखाली धापा टाकत उभी असलेली आई मात्र एवढ्या ठामपणे नाही म्हणू शकली नाही.

पद्मावती माचीवर सईबाईंची म्हणून दाखवतात त्या समाधीपाशी थोरली थांबली. रानात मिळालेली सोनकीची चार फुलं तिनं ठेवली. तिथं दिवे, पडदे, आवाज काहीच नव्हतं. वारा होता, आणि एक दगडी चौथरा. तिनं मला काहीच विचारलं नाही. बालेकिल्ला आम्ही खालूनच बघितला.

* * *

माचीवर माझी चुलती ताक विकते. शनिवार-रविवार पहाटे खालून घागर घेऊन चढते. ताक, लिंबू सरबत, कुणी आधी सांगितलं तर पिठलं-भाकरी. तिच्याबरोबर नातू असतो, अकरा वर्षांचा. ग्लास विसळणं, सुटे पैसे देणं, पाणी आणणं हे त्याचं काम. काकीनं मुलांना जवळ घेतलं आणि मला म्हणाली, "अगं, ह्या लेकरांना इथं कशाला दमावलं? तिकडं पाळण्यांत न्यायचं."

"नेलं होतं, काकी."

ते ऐकून नातू पुढे झाला. त्यानं थोरलीला विचारलं, "तो उलटा फिरतो त्यात बसलीस?"

"नाही. माझी उंची कमी होती."

"किती लागती?"

तिनं हातानं दाखवलं. तो तिथं जाऊन उभा राहिला. हाताच्या चार बोटं वर होता. मग त्यानं विचारलं, "तिकीट किती?" मी आकडा सांगितला. त्यानं काकीकडे बघितलं. किती ग्लास होतात याचा हिशोब त्यानं मनात केला असणार, कारण मीही तोच केला. तेवढ्यात एक ग्रुप आला आणि तो ग्लास धुवायला वळला.

मला ती फाट्यावरची एसटी आठवली. तेव्हा निदान दोन्ही गाड्यांत सहलीची पोरं होती. आता एका बाजूची पोरं सहलीला येतात आणि दुसऱ्या बाजूच्या पोराचा रविवार त्यांना ताक देण्यात जातो. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड नाव द्यायचा निर्णय झाला. जुलै २०२५ मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, बारा किल्ल्यांमधला एक म्हणून. मला अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? पण वारसा म्हणून गडाची काळजी घेताना काकीची घागर कुठे बसणार, हेही कुणीतरी बघायला हवं. या गडाला चाकरीची माणसं नेहमीच लागली. कापूरहोळची धाराऊही त्यांतलीच.

दिवाळीत आम्ही फ्लॅटच्या बाल्कनीत किल्ला केला. थोरलीनं महाराज ठेवले, मावळे ठेवले. मग पद्मावती माचीवर काडेपेटीचा पाळणा ठेवला, आणि त्याच्या शेजारी ताकाची घागर म्हणून औषधाच्या बाटलीचं टोपण. मी फोटो गावाला पाठवला. काकीच्या फोनवरून नातवाचा आवाज आला: "पाण्याचं टाकं कुठाय? पाण्याबिगर ताक कसं करणार?" थोरली लगेच चमच्यानं खड्डा खणायला बसली.

येत्या मे महिन्यात पुन्हा त्या पार्कला जायचं ठरलंय. या वेळी चार नाही, पाच तिकिटं. एका रविवारी ताक विकायला काकीबरोबर माझा नवरा बसेल, असं तिनं कबूल करून घेतलंय. धाकटा बसमध्ये बसायचं म्हणून आत्तापासून खूश आहे. थोरलीची उंची आम्ही दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मोजतो, अजून एक बोट कमी आहे. नातवाची मोजायची गरज नाही. त्याची बसते.