न पाहिलेला पतंग

इ. स. १८६२ च्या आरंभीं मादागास्कर बेटांतील एका ऑर्किडचीं पांढरीं फुलें चार्ल्स डार्विनच्या हातीं आलीं. फुलामागें लोंबणारी नळी साडेअकरा इंच लांब. तिचा तळाचा दीड इंच तेवढा मधानें भरलेला. त्याच वर्षीं डार्विननें लिहिलें कीं, दहा-अकरा इंच सोंडेचा पतंग त्या बेटांत असलाच पाहिजे.

असा पतंग कोणीं पाहिला नव्हता. कित्येक कीटकशास्त्रज्ञांनीं थट्टा केली. परंतु अनुमान निराधार नव्हतें. लांब सोंडेच्या पतंगास मध अधिक मिळे, म्हणून त्याचा वंश टिके. उलट, नळी सोंडेहून किंचित् लांब असली तरच पतंगास फुलांत डोकें खुपसावें लागे, पराग त्यास चिकटे आणि फुलांस बीज धरे. अशी निवड पिढ्यान्‌पिढ्या होऊन दोहोंची लांबी वाढत गेली. १८६७ मध्यें आल्फ्रेड वॉलेसनेंही हाच पक्ष मांडला.

१८८२ मध्यें डार्विन वारला. १९०३ मध्यें रॉथशिल्ड व जॉर्डन यांनीं मादागास्करांतील तशाच लांब सोंडेच्या पतंगाचें वर्णन प्रसिद्ध केलें व त्यास 'प्रेडिक्टा', म्हणजे 'भाकित केलेला', असें नांव दिलें. दिसलेल्या गोष्टींची उपपत्ति अनेक मतें लावितात. न दिसलेली गोष्ट आधीं सांगून ती खरी ठरणें, ही सिद्धांताची खरी कसोटी होय.